आठवडा १६८ तासांचाच असतो

आठवड्याचे तास १६८. अमेरिकेतल्या कुठल्याही विद्यापीठाच्या अध्यक्षाला किंवा कोट्यवधी डॉलर पगार घेणाऱ्या कोचला हा आकडा अजून वाढवता आलेला नाही. बाकी सगळं वाढलं. स्टेडियमं वाढली, टीव्हीचे करार वाढले, सामन्यांसाठीचे प्रवास लांबले, मोबाइलवर येणाऱ्या शिव्याही वाढल्या. ज्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोरापोरींच्या जिवावर हे सगळं चालतं, त्यांच्या वाट्याचे तास मात्र होते तेवढेच राहिले.

तिथल्या कॉलेज खेळाडूंच्या मानसिक आरोग्याबद्दल गेली दहा-बारा वर्षं पुष्कळ बोललं जातंय. समुपदेशक नेमले गेले, नियमावल्या निघाल्या, खेळाडू स्वतः उघडपणे बोलू लागले. हे सगळं खरं आहे आणि चांगलंही आहे. पण मला वाटतं, हा प्रश्न मानसशास्त्राकडे जाण्याआधी अंकगणिताकडे जायला हवा. वजाबाकीच अशी आहे की मन थकलं नाही तरच नवल. म्हणून हा लेख आकड्यांचा. त्यातले काही डोळे विस्फारणारे आहेत, काही अगदी लहान आहेत, आणि लहान आहेत तेच जास्त बोचतात.

कॉलेजचा खेळ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर येतं जिमखान्याचं मैदान, फक्कीने आखलेला कबड्डीचा चौकोन, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा कापडी फलक आणि सामन्यानंतर मिळणारा वडापाव. ते चित्र जरा बाजूला ठेवा. अमेरिकेत कॉलेज खेळांचा बहुतांश कारभार एनसीएए ही संस्था पाहते. तिच्याशी जोडलेली कॉलेजं आणि विद्यापीठं सुमारे १,१००, खेळाडू ५ लाखांहून जास्त. पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये या व्यवस्थेतले आजी, माजी आणि नुकतेच प्रवेश घेतलेले मिळून १,२०० हून जास्त खेळाडू वेगवेगळ्या देशांच्या गणवेशात उतरले होते. भारताचं सगळं पथक होतं ११७ जणांचं.

मिशिगन विद्यापीठाचं फुटबॉल स्टेडियम ॲन आर्बर या गावात आहे. फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट आणि खांद्यांवरच्या कवचाचा. स्टेडियमची क्षमता १,०७,६०१. गावाची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत. शनिवारी सामना असला की जवळजवळ एक दुसरं ॲन आर्बर येऊन खुर्च्यांवर बसतं. आपलं वानखेडे सुमारे ३३ हजारांचं. तीन वानखेडे काठोकाठ भरून ती माणसं तिथे नेली तरी काही हजार जागा उरतील. लाखाहून मोठी अशी कॉलेजांची स्टेडियमं अमेरिकेत आठ आहेत. भारतात सगळी शहरं आणि सगळे खेळ धरून सध्या एक आहे, अहमदाबादचं. हे वेड फक्त मुलांच्या फुटबॉलपुरतंही नाही. ३० ऑगस्ट २०२३ रोजी नेब्रास्का विद्यापीठाच्या मुलींचा व्हॉलीबॉलचा सामना बघायला लिंकन शहरात ९२,००३ माणसं जमली. २०२४ च्या एप्रिलमध्ये आयोवा आणि साऊथ कॅरोलायना यांच्यातली मुलींची बास्केटबॉलची अंतिम लढत टीव्हीवर सरासरी १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिली. मुलांच्या अंतिम सामन्यालाही त्या वर्षी तेवढे प्रेक्षक मिळाले नाहीत.

तर ज्या मुलाच्या हातून चेंडू निसटला की लाखभर माणसं एकदम हळहळतात, त्याला सोमवारी सकाळी रसायनशास्त्राची चाचणी असते.

पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात एकदा शिरलं की बाहेर पडणं कठीण. विद्यापीठं आपापसांत खेळण्यासाठी गट करतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. त्यांतल्या बिग टेन या एका गटाने २०२२ साली टीव्हीशी ७ वर्षांचा करार केला, ७ अब्ज डॉलरहून मोठा. वर्षाला साधारण १ अब्ज, म्हणजे त्या वेळच्या दराने ८,००० कोटी रुपये. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या ५ वर्षांचे प्रसारण हक्क ४८,३९० कोटींना गेले, म्हणजे वर्षाला ९,७०० कोटींच्या आसपास. सगळ्या क्रिकेटजगताला वेड लावणारी आपली स्पर्धा आणि अमेरिकेतल्या कॉलेजांचा एक गट, यांच्यात अंतर एवढंच.

आणखी एक आकडा, कारण त्याला मराठी धागा आहे. महाराष्ट्राची टेनिसपटू ऋतुजा भोसले, जिने हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं, ती टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून कॉलेज टेनिस खेळली. लाखाहून मोठ्या त्या आठ स्टेडियमांतलं एक याच विद्यापीठाचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या फुटबॉल कोचला, जिंबो फिशर यांना, मुदतीआधी काढून टाकलं. कराराप्रमाणे त्यांना द्यायची रक्कम साडेसात कोटी डॉलरच्या वर होती, म्हणजे सहाशे कोटी रुपयांहून जास्त. काम करण्याचे नव्हेत, न करण्याचे. एका समुपदेशकाचा वर्षाचा खर्च लाख डॉलर धरला, तर तेवढ्या पैशात ७५ समुपदेशक १० वर्षं ठेवता येतात. कोणी म्हणेल, हे पैसे वेगवेगळ्या खिशांतले असतात. असतात, मान्य. पण कुठला खिसा आधी भरायचा हे कोणीतरी ठरवतच असतं.

आता तासांकडे येऊ. एनसीएएचा १९९१ पासूनचा नियम असा की हंगामात खेळाला आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, दिवसाला ४, आणि आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी. कागदावर वाचलं तर कोणालाही वाटेल, बरं आहे की! मेख आहे ती काय मोजायचं यात. सामना कितीही वेळ चालो, त्या दिवसाचे ३ तासच धरतात. प्रवास धरत नाहीत. फिजिओकडचा, बर्फाच्या टबातला, पट्ट्या बांधण्याचा वेळ धरत नाहीत. ऐच्छिक सराव धरत नाहीत, आणि संघातली जागा टिकवायची असेल तर ऐच्छिक सराव किती ऐच्छिक असतो हे खेळलेल्या माणसाला सांगायला नको. लग्नाचा खर्च म्हणून फक्त जेवणावळ लिहायची आणि मांडव, मानपान, आहेर, वाजंत्री हे सगळं दुसऱ्या वहीत ठेवायचं, तसा हा २० तासांचा हिशेब आहे.

दुसरी वहीही एनसीएएनेच उघडून दाखवली, हे त्यांचं श्रेय. २०१५ साली त्यांनी खेळाडूंना विचारलं की बाबांनो, खरे तास किती? पहिल्या श्रेणीच्या म्हणजे डिव्हिजन वनच्या खेळाडूंचं मधलं उत्तर आलं, खेळ ३४ तास आणि अभ्यास साडेअडतीस. वरच्या पातळीवरच्या फुटबॉलवाल्यांचं उत्तर होतं ४२ तास, नियमाच्या दुपटीहून जास्त. त्याच वर्षी पश्चिम किनाऱ्यावरच्या पॅक-१२ या गटाने आपल्या खेळाडूंची पाहणी केली, तिथे खेळाची सरासरी ५० तासांवर गेली.

वजाबाकी करून बघा. १६८ तासांतून रोज आठ तासांप्रमाणे झोपेचे ५६ काढले, उरले ११२. फुटबॉलचे ४२ काढले, उरले ७०. अभ्यासाचे साडेअडतीस काढले, उरले साडेएकतीस. दिवसाला साडेचार तास. त्यात अंघोळ, तीन वेळचं खाणं, कॅम्पसवर इकडून तिकडे जाणं, कपडे धुणं, घरी फोन आणि मित्रमैत्रिणी. सामन्यासाठी विमानाने जाण्यायेण्याचा वेळही यातच बसवायचा. आणि मन थकलंय म्हणून कोणाशी तरी बोलायचं असेल, तर तो तासही यातूनच. झोप आठ तास धरली ती मी उदारपणे धरली आहे.

विमानाचा विषय निघालाच आहे, तर तो जरा नीट बघण्यासारखा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये लॉस एंजेलिसची यूसीएलए आणि यूएससी ही दोन विद्यापीठं, ओरेगन आणि वॉशिंग्टनसह, बिग टेनमध्ये दाखल झाली. हा गट मुळात मध्य-पश्चिम अमेरिकेचा. आता त्यात १८ विद्यापीठं आहेत, आणि गटाचं नाव अजूनही बिग टेन आहे. गणिताचे प्राध्यापक त्यांच्याकडे नक्कीच असतील. या गटात पूर्वेला न्यू जर्सीची रटगर्स आहे. लॉस एंजेलिस ते न्यू जर्सी हवाई अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किलोमीटर. काश्मीरहून निघालेला संघ कन्याकुमारी ओलांडून आणखी सातशे किलोमीटर समुद्रात गेला की तेवढं अंतर होतं, आणि हे सामने आहेत एकाच गटातले. वर घड्याळ तीन तासांनी पुढे. पॅसिफिकच्या काठची स्टॅनफर्ड आणि बर्कली ही विद्यापीठं त्याच उन्हाळ्यात अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये गेली.

हे सगळं फुटबॉलच्या टीव्ही हक्कांसाठी झालं. पण फुटबॉलचा संघ हंगामात बारा साखळी सामने खेळतो, आठवड्याला एक. व्हॉलीबॉल आणि सॉफ्टबॉलच्या मुलींचे सामने त्याहून कितीतरी जास्त असतात, पुष्कळदा आठवड्याच्या मधल्या दिवशी. करार फुटबॉलचा, झोपमोड त्यांची. यूसीएलएच्या या स्थलांतराला डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठाच्या नियामक मंडळाने मंजुरी दिली ती अटींवर. खेळाडूंचा आहार, अभ्यासातली मदत आणि मानसिक आरोग्य यांवर जादा खर्च करा, असं सांगितलं. अट योग्यच होती. तरी तिचा अर्थ काय, तेही बघावं. मुलांचे तास किती जाणार आहेत हे मंडळाला आधीच कळलं होतं. ते वाचवायचे नव्हते, म्हणून त्यांची भरपाई पैशांत ठरवली.

इतकं सगळं कशासाठी? पुढे मोठा खेळाडू होऊन नाव आणि पैसा मिळेल म्हणून, असं सहज उत्तर येतं. इथले आकडे निर्दय आहेत. अमेरिकेत शाळेच्या पातळीवर खेळणारी मुलं-मुली वर्षाला ८० लाखांच्या आसपास. त्यांतले ५ लाख एनसीएएपर्यंत पोचतात. पुढे व्यावसायिक खेळाडू होणारे २ टक्क्यांहून कमी. व्यावसायिक फुटबॉलची निवड यादी घ्या. दरवर्षी निवडीला पात्र होणारे कॉलेज खेळाडू सुमारे १६ हजार, निवडले जातात अडीचशेच्या थोडे वर. मुलींच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये २०२४ पर्यंत १२ संघ होते, प्रत्येकी जास्तीत जास्त १२ खेळाडूंचे. म्हणजे सगळ्या लीगमध्ये मिळून १४४ जागा, आणि त्याही बहुतेक आधीच भरलेल्या.

उरलेल्यांचं काय होतं? ढोबळ मानाने चार वर्षांत एक फळी बाहेर पडते असं धरलं तर दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास तरुण एका सामन्यानंतर खेळाडू राहत नाहीत. त्यातली कितीतरी मुलं सहाव्या-सातव्या वर्षापासून पोहत किंवा धावत आलेली असतात. नातेवाइकांत, शाळेत, गावात त्यांची ओळख तीच. बाविसाव्या वर्षी ती एका शनिवारी संपते, आणि सोमवारी सकाळी साडेपाचला कुठे हजर व्हायचं नसतं. मानसोपचारतज्ज्ञ सांगतात की दुखापत, संघातून वगळलं जाणं आणि कारकिर्दीचा शेवट हे खेळाडूसाठी सर्वांत नाजूक काळ. हा शेवट अपघात नाही. तो ९८ टक्क्यांच्या वाट्याला ठरलेल्या तारखेला येतो. त्याची तयारी मात्र पहिल्या वर्षापासून करून घेणारी विद्यापीठं थोडी.

मोबाइलवरच्या शिव्यांचा उल्लेख वर केला. २०१८ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या सट्ट्याला परवानगी द्यायची वाट राज्यांना मोकळी केली. त्या खटल्यात एनसीएए पक्षकार होती, आणि हरली. आता मार्च महिन्यातल्या कॉलेज बास्केटबॉल स्पर्धेवर एका वर्षात लागणाऱ्या कायदेशीर पैजांचा अंदाज ३ अब्ज डॉलरच्या आसपास सांगितला जातो. पैज नुसती जिंकण्या-हरण्यावर नसते. अमुक मुलगी किती गुण करील, तमुक मुलगा किती चेंडू झेलील, यावरही असते. मग पैसे बुडालेला माणूस रात्री थेट तिच्या किंवा त्याच्या खात्यावर जाऊन लिहितो. एनसीएएने एका कंपनीकडून २०२३-२४ च्या हंगामातल्या स्पर्धांच्या वेळचे १३ लाख संदेश तपासून घेतले. यंत्राने संशयास्पद म्हणून बाजूला काढले ७२ हजार. माणसांनी वाचून खात्री केलेले, शिवीगाळ, द्वेष किंवा धमकीचे निघाले ५ हजारांहून जास्त. त्यातले १,४०० हून अधिक एकाच खेळाडूच्या वाट्याला आले. बास्केटबॉलमध्ये मुलींना मुलांच्या तिप्पट धमक्या मिळाल्या. मार्च २०२४ मध्ये एनसीएएचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी एकेका कॉलेज खेळाडूच्या कामगिरीवरच्या पैजा सर्व राज्यांनी बंद कराव्यात अशी जाहीर मागणी केली. काही राज्यांनी ऐकलं, काहींनी नाही.

या सगळ्याचा मनावर किती परिणाम होतो, तेही मोजलं गेलं आहे. २०२२-२३ मध्ये एनसीएएने २३ हजारांहून जास्त खेळाडूंना प्रश्न विचारले. मुलींमध्ये ४४ टक्के म्हणाल्या की सतत किंवा जवळपास रोज सगळं आवाक्याबाहेर गेल्यासारखं वाटतं. मनाने थकून गेल्याचं सांगणाऱ्या ३५ टक्के. मुलांमध्ये हेच आकडे १७ आणि १६. मुलं खरोखर कमी थकतात की कमी सांगतात, याचं उत्तर टक्केवारीत मिळत नाही. त्याआधीच्या, २०२१ च्या पाहणीतले दोन आकडे मला याहून महत्त्वाचे वाटतात. मन ठीक नसेल तर कॅम्पसवर कुठे जायचं हे माहीत असलेले खेळाडू होते सुमारे दोन तृतीयांश. प्रत्यक्ष जाऊन बोलायला संकोच वाटणार नाही असं म्हणणारे निम्म्याहूनही कमी. दार कुठे आहे हे ठाऊक आहे, पण कडी वाजवायचा धीर नाही, अशी मुलं या दोन आकड्यांच्या मध्ये उभी आहेत. ५ लाखांवर हा फरक लावला तर ती लाखाच्या घरात जातात.

संकोच का, याचं कारण सरळ आहे. संघात कोण खेळणार हे कोच ठरवतो. गुडघ्याचा अस्थिबंध तुटला तर एमआरआय दाखवता येतो. झोप लागत नाही, सकाळी उठावंसं वाटत नाही, याचा फोटो निघत नाही. ओहायो स्टेटचा फुटबॉलपटू हॅरी मिलर याने मार्च २०२२ मध्ये खेळ सोडताना जाहीरपणे लिहिलं की जगावंसंच वाटेनासं झालं तेव्हा तो कोच रायन डे यांच्याकडे गेला, आणि त्यांनी ताबडतोब त्याची डॉक्टरांशी गाठ घालून दिली. हा मुलगा यांत्रिकी अभियांत्रिकी शिकत होता, पैकीच्या पैकी गुण मिळवत होता. बाहेरून पाहणाऱ्याने त्याची काळजी केली नसती.

इथे सर्वांत जड आकड्यांकडे यावं लागतं, आणि ते जपून सांगायला हवेत. २०२४ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या नियतकालिकात एक अभ्यास आला. २००२ ते २०२२ या २० वर्षांत एनसीएएच्या १,१०२ खेळाडूंचे मृत्यू झाले. त्यातले १२८ आत्महत्येने, ९८ मुलं आणि ३० मुली. पाच लाखांच्या लोकसंख्येत वर्षाला सहा-सात. आधीच्या अभ्यासांत हे प्रमाण त्याच वयाच्या इतर अमेरिकन तरुणांपेक्षा कमी आढळलं आहे, तेव्हा 'खेळ मुलांना मारतो' असा मथळा कोणी दिला तर तो चूक आहे. खेळ, संघ, मित्र हे बहुतेकांना सावरणारेच असतात. काळजी आहे ती दिशेची. पहिल्या दहा वर्षांत एकूण मृत्यूंत आत्महत्यांचा वाटा ७.६ टक्के होता, दुसऱ्या दहा वर्षांत १५.३ टक्के झाला. दुप्पट. मैदानावरचे इतर धोके कमी व्हावेत म्हणून नियम बदलले, उपकरणं बदलली, हृदयाच्या तपासण्या सुरू झाल्या. या एका धोक्याचा वाटा उलट्या दिशेने गेला.

एनसीएएचा जन्मच खेळाडूंच्या मृत्यूंतून झाला आहे. १९०५ च्या फुटबॉल हंगामात किमान १८ तरुण मेले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून सुनावलं, आणि १९०६ मध्ये ही संस्था उभी राहिली. संस्थेचे पहिले मुख्य वैद्यकीय अधिकारी ब्रायन हेनलाइन रुजू झाले ते २०१३ मध्ये, म्हणजे १०७ वर्षांनी. हा मज्जाविकारतज्ज्ञ आल्या-आल्या देशभरच्या खेळाडूंशी बोलला आणि म्हणाला की खेळाडूंच्या आरोग्याचा पहिल्या क्रमांकाचा प्रश्न मानसिक आरोग्य हाच आहे. त्यानंतर मात्र गाडी हलली. २०१४ मध्ये मिशिगन विद्यापीठात खेळाडूंसाठी 'ॲथलीट्स कनेक्टेड' हा उपक्रम सुरू झाला. २०१६ मध्ये एनसीएएने मानसिक आरोग्याची पहिली कार्यपद्धती काढली. जानेवारी २०१९ मध्ये पाच बड्या कॉन्फरन्सनी खेळाडूंना मानसिक आरोग्यसेवा देणं बंधनकारक केलं. ऑगस्ट २०२४ पासून नवी, जास्त कडक कार्यपद्धती डिव्हिजन वनला लागू झाली. परवानाधारक तज्ज्ञ, हंगामाआधी तपासणी, संकटाच्या वेळी कोणी काय करायचं याची लेखी योजना, असं सगळं त्यात आहे. खेळाडूंनी आणि त्यांच्या घरच्यांनी उभ्या केलेल्या संस्थाही आहेत. व्हॉलीबॉल खेळलेल्या व्हिक्टोरिया गॅरिकची 'द हिडन ऑपोनंट' त्यांतली ठळक.

कार्यपद्धती चांगली आहे. तिला माणसं किती लागतील? कल्पनेतलं एक विद्यापीठ घेऊ. हजार खेळाडू, अर्ध्या मुली. ओहायो स्टेटसारख्या ३६ संघांच्या विद्यापीठात हजाराहून जास्तच असतात. मनाने थकलेल्यांचं मघाचं प्रमाण लावलं तर ५०० मुलींतल्या १७५ आणि ५०० मुलांतले ८०, एकूण २५५. एक समुपदेशक आठवड्याला २५ जणांना तास-तास देऊ शकतो असं धरू, त्याच्या नोंदी, बैठका आणि स्वतःचं डोकं ठिकाणावर ठेवण्याची गरज लक्षात घेऊन. त्या २५५ जणांना एकेक भेट द्यायलाच दहा आठवडे लागतील. पहिली भेट मिळेपर्यंत फुटबॉलचा हंगाम संपत आला. दुसऱ्या भेटीचं नावच काढू नका. अमेरिकेतल्या कॉलेज समुपदेशन केंद्रांना मान्यता देणारी संस्था १,००० ते १,५०० विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ समुपदेशक असावा असं सुचवते. पण ते साऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे. लाखभर प्रेक्षकांसमोर सोमवारच्या चाचणीचा विचार करणाऱ्यांसाठी वेगळं प्रमाण तिथे लिहिलेलं नाही.

समजा, दहा समुपदेशक नेमले. तरी मुलं त्यांना भेटणार कधी? पहाटे व्यायाम, दुपारपर्यंत वर्ग, संध्याकाळपर्यंत सराव, मग फिजिओ, जेवण, अभ्यास. समुपदेशकाचं दार उघडं असतं नेमकं त्या वेळांत, जेव्हा खेळाडूला हलता येत नाही. म्हणून माझं मत पुन्हा तासांवर येतं. ३,९०० किलोमीटरचा प्रवास २० तासांच्या हिशेबात धरा. सामना चालला पाच तास तर पाच लिहा, तीन नव्हेत. ऐच्छिक सरावाला कोचचा माणूस हजर असेल तर तोही मोजा. मग खरी बेरीज किती होते ते सर्वांना दिसेल, आणि ती दिसली की टीव्हीच्या वेळापत्रकालाही हात घालावा लागेल. हे केल्याशिवाय समुपदेशक वाढवणं म्हणजे मुलांना दमवायचं एका खात्याने आणि सावरायचं दुसऱ्या खात्याने. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर प्रत्येक बडं विद्यापीठ खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं; २०२५-२६ या वर्षासाठी ही मर्यादा २ कोटी ५ लाख डॉलर होती. पैसे मिळाले हे न्यायाचंच झालं. पण जिथे पगार असतो तिथे कामाचे तासही मोजले जातात, हा अर्धा भाग अजून बाकी आहे.

एनसीएएत परदेशी खेळाडू २५ हजारांहून जास्त आहेत. आपल्याकडचे सोमदेव देववर्मन, विकास गौडा, तेजस्विन शंकर या वाटेने गेले आणि आपापल्या खेळात एनसीएएचे विजेते ठरले. महाराष्ट्रातूनही शिष्यवृत्तीच्या आशेने टेनिस, पोहणं, ॲथलेटिक्सची मुलं जातात, आणि जात राहतील. त्यांच्या आईवडिलांना एवढं सांगावंसं वाटतं की प्रवेशाच्या वेळी कोचला शिष्यवृत्तीची रक्कम विचाराल, तशी आणखी दोन गोष्टी विचारा. तुमच्याकडे खेळाडूंसाठी समुपदेशक किती आणि पहिली भेट किती दिवसांत मिळते? मागच्या हंगामात संघ किती रात्री कॅम्पसबाहेर होता? उत्तर आकड्यात मागा. 'आम्ही मुलांची खूप काळजी घेतो' हे उत्तर धरू नका.

आणि दोन क्रमांक मुलांच्या फोनमध्ये आजच घालून ठेवा. अमेरिकेत कोणत्याही वेळी ९८८. भारतात टेलि-मानस, १४४१६, मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत. हे खेळाडूंपुरते नाहीत, तुम्हाला किंवा घरात कोणालाही लागले तर फोन करायला संकोच करू नका.